शेवंतीवरची बैठक

दोन हजार पंधरा साल होतं. गणपती उठले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी योगराजने चहाची बशी खाली ठेवली आणि कोणाकडेही न बघता सांगून टाकलं, "यंदाची जत्रा शेवटची. मागच्या वर्षीसारखं हसं झालं तं घोडी तिथंच कोनाले तरी देऊन येईन. घरी आननार नाई."

त्याची आई झुंबरबाई चुलीशी कळण्याची भाकरी थापत होती. तिचे हात थबकले. दारात तिची नात कामिनी उभी होती. खांद्याला कॉलेजची पिशवी, मुठीत घोडीसाठी घेतलेला गुळाचा खडा.

"आन पेला भरलेला आला तं?" कामिनीने विचारलं.

"तं राहू दे दारात. पुन्हा इकायचं नाव काढनार नाई."

झुंबरबाईचे यजमान कौतिक आबा ओट्यावर दाढी करत बसले होते. फेसाने भरलेल्या तोंडानेच म्हणाले, "शबूद देऊ रायला बरं का योगराज. साक्षीले मी हाये."

"राहा ना साक्षीले. कोन नाई म्हनतं?"

 घराला वळसा घालून कामिनी मागे गोठ्याकडे गेली, आणि त्या दिवशी तिची कॉलेजची गाडी चुकली.

रावेरपासून दोन कोसांवर केळीच्या बागांत त्यांचं घर होतं. उत्तरेला सातपुडा, बाकी तिन्ही बाजूंना केळी. अशा घरात घोडीचं काम काहीच नसतं. पण चार वर्षांमागे योगराज हौसेने सारंगखेड्याच्या जत्रेत गेला आणि दुधावरच्या सायीच्या रंगाची एक कोवळी घोडी घेऊन आला. तिचं नाव शेवंती ठेवलं. ती मुळातच रेवाल चालीची होती. रेवाल म्हणजे एका बाजूचे पुढचा-मागचा पाय बरोबर उचलून, पाठ न हलवता, पाण्यावरून होडी जावी तशी भराभर जाणारी चाल. जत्रेत या चालीची परीक्षा असते. स्वाराच्या हातात काठोकाठ भरलेला पेला देतात. लांबवर जाऊन परत यायचं, आणि ज्याच्या पेल्यात पाणी जास्त उरलं त्याचं नाव पुकारतात.

योगराज अंगाने जड. त्याच्या बुडाखाली शेवंती कधी खुलली नाही. ती खुलली कामिनीखाली. पोरगी तेव्हा पंधरा वर्षांची होती. पहिल्या वर्षी ती केळीच्या बांधावरून अशी जायची की बागेतले मजूर घड तोडायचे थांबून बघत राहायचे. मग पुढे काय झालं कोण जाणे, कामिनी डावीकडे कलायला लागली. आधी थोडी, मग कोणालाही दिसेल इतकी. मागच्या वर्षी जत्रेत अर्ध्या वाटेतच तिचा पेला रिकामा झाला आणि कठड्यावरून कोणीतरी ओरडलं, "ओ योगराजभाऊ, पोरीच्या दुसऱ्या खिशात दगड टाका, तराजू बरोबर होईन!" सगळी जत्रा हसली. योगराज हसला नाही. तो घाव त्याने वर्षभर जपला होता.

त्या दिवशी दुपारी झुंबरबाई गोठ्यात गेली. कामिनी शेवंतीच्या मानेवर डोकं टेकून उभी होती.

"रडून घोडी राहाते का व?" झुंबरबाई म्हणाली. "डोयं पूस. उद्या पहाटे खोगीर चढव. मी पाह्यते तू कशी बसतं ते."

"तू, आजी? तुला काय कळतं त्यातलं?"

झुंबरबाई नुसती हसली. या घरात येऊन तिला पन्नासाहून जास्त वर्षं झाली होती आणि तिला हा प्रश्न कोणी कधी विचारलाच नव्हता.

तिचं माहेर सोनगीरचं. किल्ल्याच्या पायथ्याशी, आग्रा रोडला लागून घर. बाप लोटन याची शेती नावाला, जीव सगळा घोड्यांत. व्यापारी त्याच्याकडे घोडी आणून ठेवायचे, तो ती शिकवायचा, आणि घेणारा आला की त्या माणसालाही बसायला शिकवायचा. झुंबर आठ वर्षांची झाल्यापासून तिला एक काम होतं. स्वार पुढे निघाला की तिने मागच्या भिंतीवर बसायचं आणि त्याची पाठ बघायची. मणका कुठे वळला, कोणता खांदा खाली गेला, कोणती टाच वर चढली, हे बघून "डावा!" नाहीतर "उजवा!" असं ओरडायचं. बापाचे डोळे घोड्यावर असायचे, लेकीचे माणसावर. मोठमोठे पागोटेवाले तिच्या आवाजासरशी सरळ व्हायचे. लोटन कौतुकाने म्हणायचा, "मन्ही झुंबर ओळंबा शे ओळंबा."

पण घोड्याला हात लावायची तिला मुभा नव्हती. विशेषतः पायांना. पायाची परीक्षा बाप्यांनी करायची. बाईचा हात घोड्याच्या पायाला लागला तर चाल जाते, अशी त्या घराची समजूत. झुंबरने ती निमूट पाळली. सोळाव्या वर्षी लग्न होऊन ती रावेरच्या केळीत आली, आणि तो ओळंबा पन्नास वर्षं खुंटीला टांगलेला राहिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती बांधावर जाऊन उभी राहिली. कामिनी पुढे गेली, फिरली, परत आली.  "खोगीर उतरव," एवढंच झुंबरबाई म्हणाली. खोगिराखालची घोंगडी तिने उलटी करून उन्हात धरली. उजवीकडे घामाने ओली चिंब, डावीकडे मात्र तळहाताएवढी जागा कोरडी ठाक.

"पाह्य," ती म्हणाली, आणि मग घोडीजवळ आली की व्हायचं तसं तिच्या तोंडात माहेरची बोली उतरली. "जठे माणूस दाबीसन बठस तठे घाम येत नही. बठ्ठं वजन डाव्या बाजूले शे तुन्हं."

कामिनी आ वासून बघत राहिली. "हे तुला कोणी शिकवलं?"

"मन्हा बापनी. तो म्हने, घोडं वाकडं नही ऱ्हास, बठनारा वाकडा ऱ्हास."

हे वाक्य लोटनच्या घरात देवाच्या जागी होतं. हजार वेळा ते खरं ठरलेलं तिने स्वतः पाहिलं होतं.

त्या दिवसापासून आजी-नातीची शाळा सुरू झाली. पहिला दोष सापडला तो कॉलेजच्या पिशवीत. "रोज एकाच खांद्यावर हे ओझं वाहातं, मंग खांदा उतरन नाई तं काय?" पिशवी उजव्या खांद्यावर आली. मग रिकिबी काढून टाकल्या. पाय लोंबकळत ठेवून बसायचं, म्हणजे टाचेचा आधार घेऊन लबाडी करता येत नाही. मग कोपरांत अडकवून पाठीमागून आडवी काठी. मग डोळे मिटून. घरात जेवायला बसतानाही झुंबरबाई तिच्या एका मांडीखाली पाटावर घडी केलेलं फडकं सारायची.

आणि एके दिवशी ती डब्यातून दोन बिबड्या घेऊन आली. बिबड्या म्हणजे उन्हाळ्यात घातलेले ज्वारीचे पापड, वाळून कडकडीत झालेले. खोगिरावर एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवली, वर फडकं घातलं आणि कामिनीला बसवलं. बांधाचा एक फेरा झाल्यावर फडकं उचललं.

"देख. हाई डावीनं पीठ व्हई गयं, आनि हाई उजवी आख्खी शे. दोन्ही सारख्या मोडायला पाह्यजेत."

कौतिक आबा बाजेवरून सगळं बघत होते. "योगराजची माय," ते म्हणाले, "बिबड्या खायच्या असत्यात व. पोरीच्या बुडाखाली घालायच्या नसत्यात. आता त्या आम्हाले तळून वाढू नको म्हंजे मियालं!"

"तुमाले त्याच वाढते. चव येईन जराशी."

कामिनी इतकी हसली की खाली उतरावं लागलं. त्या महिन्यात ते घर हसत होतं. योगराजसुद्धा बागेतून येताना उगीच बांधावरून यायचा आणि विचारायचा, "काय व माय, पोरीले सर्कशीत धाडनं हाये का?"

दसरा झाला. बिबड्या अजून सारख्या मोडत नव्हत्या, पण उजवीला तडे जाऊ लागले होते. एका सकाळी कामिनी फेरा मारून आली आणि खाली उतरून शेवंतीची मान थोपटत राहिली.

"आजी, एक सांगू? मी सरळ बसले ना, की ती खूश नसते."

"कोन?"

"शेवंती. कान मागे टाकते. मी डावीकडे झाले की कान पुढे घेते. मी मुद्दाम तीनदा करून पाहिलं."

झुंबरबाईने शेवंतीकडे पाहिलं. घोडी शांत उभी होती, ओठांनी कामिनीच्या ओढणीचं टोक चाळवत. झुंबरबाईला एवढंच दिसलं. तिने पुढे होऊन काही पाहिलं नाही.

"तिले तुन्ही वाकडी बैठकनी सवय व्हई गयी," ती म्हणाली. "दोन वरीस तू तशी बठस. आते मोडाले लागनी तर कुरकुर करीच. करू दे. चार दिनमा जाई."

"पण आजी, मला अंगातून वाटतं..."

"अंगाले वाकड्यातच बरं वाटतं बेटा. सरळ बसनं दुखतंच. मन्हा बाप म्हने..."

"घोडं वाकडं नसतं. माहीत आहे," कामिनी म्हणाली आणि पुन्हा खोगिरावर चढली.

दिवाळीनंतर एका सकाळी कामिनी सूर्याच्या दिशेने निघाली होती. झुंबरबाई नेहमीसारखी मागे उभी. पुढे जाणारी ती पाठ तिने पाहिली. डोक्यापासून घोडीच्या शेपटीपर्यंत एक रेघ. दोन्ही खांदे एका पातळीत. दोन्ही टाचा खाली. तिने "डावा" म्हणायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. त्या दिवशी फडकं उचललं तेव्हा दोन्ही बिबड्या सारख्या मोडल्या होत्या, आणि घोंगडीवर घामाचे दोन डाग, जणू एकाच ठशातून उठवलेले. झुंबरबाईने ती ओली घोंगडी गालाला लावली. अडुसष्ट वर्षांची बाई, नातीसमोर, मजुरांसमोर.

"तुन्हा पणजोबा आज पाह्यजे व्हता," ती कामिनीला म्हणाली.

मार्गशीर्षातल्या पौर्णिमेच्या दोन दिवस आधी ते निघाले. पुढे पिकअपमध्ये शेवंती, तिच्याजवळ कामिनी. मागून योगराजची गाडी, तीत झुंबरबाई आणि कौतिक आबा. चोपडा सोडलं, शिरपूरला चहा घेतला, आणि दुपारी तापीच्या काठाला लागले. किती वर्षांनी झुंबरबाईने एवढी घोडी एका जागी पाहिली! वाळलेल्या लिदीचा आणि चामड्याचा तो वास नाकात शिरला आणि तिला बापाच्या धोतराची आठवण आली.

रेवालीच्या दिवशी दुपारी कामिनीचा नंबर लागला. तिच्या आधी सात बाप्ये होऊन गेले होते. एकाचा पेला निम्मा उरला होता, तोच सगळ्यांत वर. कामिनीच्या हातात पेला दिला तेव्हा मागच्या वर्षीचाच कोणीतरी ओरडला, "तराजू आला रे!"

योगराजने मान खाली घातली. झुंबरबाईने मात्र कठडा धरून पोरीच्या पाठीवर नजर रोवली.

शेवंती निघाली. धूळ मागे उडत होती आणि धुळीच्या वर ती पाठ चालली होती, न डगमगता. लांबच्या खांबाला वळसा घेतला. परत येताना आता सगळ्यांना कामिनीचं तोंड दिसू लागलं. ओठ घट्ट मिटलेले. डोळे पेल्याकडे नव्हते, शेवंतीच्या कानांकडे होते. झुंबरबाईने ते पाहिलं. कान पार मागे, मानेला चिकटलेले. पाहिलं, आणि तिचे डोळे पुन्हा खांद्यांकडे गेले.

पेला बोटभर कमी होता, बस्. पहिलं नाव कामिनीचं पुकारलं आणि बक्षिसाचं चांदीचं कडं योगराजच्या हाती पडलं. ओरडणारा तो माणूस स्वतः खाली उतरून योगराजला मिठी मारायला आला. योगराज सगळ्यांदेखत लहान पोरासारखा रडला आणि म्हणाला, "माही शेवंती आता कुठी जात नाई!" कौतिक आबांनी झुंबरबाईच्या गळ्यात जत्रेतला झेंडूचा हार घातला. पन्नास वर्षांच्या संसारात त्यांनी तिला चारचौघांत हार घातलेला हा एकच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामिनीची हाक आली. ती हाक झुंबरबाईला पुढे कित्येक वर्षं झोपेत ऐकू येत राहिली. शेवंती उभी होती, पण पुढचा उजवा पाय तिने जमिनीला नुसता टेकवलेला, भार अजिबात नाही. गुडघ्याखालची नळी सुजून दुप्पट झाली होती. झुंबरबाई जवळ गेली आणि जन्मात पहिल्यांदा तिने घोड्याच्या पायाला हात लावला. नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखा तो पाय तापला होता.

जत्रेत जनावरांचे डॉक्टर होते. तरुण माणूस, तेजस नाव. त्यांनी पाय उचलला, नळीच्या मागची शीर दोन बोटांनी वरपासून खालपर्यंत चाचपली, आणि एका जागी थांबले.

"ही आजची दुखापत नाही," ते म्हणाले. "जुनी आहे. अर्धवट भरून आली होती, आता फाटली. घोडी कधी घसरली होती का? दोन-एक वर्षांपूर्वी?"

योगराज आठवू लागला. कामिनीला आठवायची गरज पडली नाही. "केळीच्या चारीत," ती म्हणाली. "पाणी सोडलं होतं तेव्हा. आठ दिवस लंगडली, मग बरी झाली."

"पाय पाह्यला होता तवा," योगराज म्हणाला. "मीच पाह्यला. काही नव्हतं."

"आतलं वरून दिसत नाही. पण मला एक कळत नाही," डॉक्टर म्हणाले, "या पायावर ती दोन वर्षं चालली कशी? कोण बसतं हिच्यावर?"

"मी."

"कशी बसतेस?"

 शेवटी कौतिक आबा म्हणाले, "आधी डावीकडे कलून बसे पोरगी. आता सुधारलं तिनं. तीन महिने झाले."

डॉक्टरांनी कामिनीकडे पाहिलं, मग घोडीकडे.   "मग बरोबर," ते हळूच म्हणाले. "उजव्या पायावरचा भार तू उचलत होतीस. तुझ्याही नकळत."

झुंबरबाई तिथेच धुळीत खाली बसली. तिच्या गळ्यात कालचा हार होता. तो काढायचं कोणालाच सुचलं नव्हतं.

शेवंतीला घरी आणलं. योगराजने काही कमी केलं नाही. शहरातून मोठे डॉक्टर आणले, औषधं आणली, गोठ्याच्या आढ्याला पट्टे बांधून तिला पोटाखालून आधार दिला. पण तीन पायांवर घोडं किती दिवस उभं राहणार? सगळा भार डाव्या पायावर आला आणि महिन्याच्या आत त्या पायाचं खूर आतून सुजलं, मग आतलं हाड खाली सरकलं. तो तर चांगला पाय होता.

कामिनीने कॉलेज सोडून दिल्यासारखंच केलं. ती रात्रंदिवस गोठ्यात असायची. झुंबरबाई तिला जेवण नेऊन द्यायची, आणि पोरगी ताट हातात घेऊन म्हणायची, "ठेव आजी. तू जा, थंडी आहे." आवाजात राग नव्हता. राग असता तर झुंबरबाईला बरं वाटलं असतं.

एका दुपारी 'तू जा' म्हटलं तरी झुंबरबाई गेलीच नाही. गोठ्याच्या खांबाला टेकून बसली आणि म्हणाली, "कामिनी, तू मले सांगितलं व्हतं. कानांचं. मी ऐकलं नाई."

कामिनी शेवंतीच्या तोंडाला ओलं फडकं लावत होती. तिचा हात थांबला नाही.

"तुझी चूक नाही आजी," ती म्हणाली. "माझ्या अंगाला कळत होतं. ती काय सांगते ते मला रोज कळत होतं. पण ती राहावी म्हणून मी माझ्या अंगाचं ऐकलं नाही, तुझ्या डोळ्यांचं ऐकलं." मग फडकं पिळत म्हणाली, "तिनं तरी कोणाला सांगायचं होतं? माझ्याशिवाय तिला होतं कोण?"

 झुंबरबाई तिथेच बसून राहिली. केळीच्या बागेत पंपाचा आवाज चालू होता.

संक्रांतीच्या पाच दिवसांनी, भर दुपारी, डॉक्टरांनी शेवंतीला इंजेक्शन दिलं. तिचं डोकं कामिनीच्या मांडीवर होतं. झुंबरबाई गोठ्याबाहेर उभी राहिली. आत जायचा आपल्याला हक्क नाही असं तिला वाटलं. आत काही आवाज झाला नाही. फक्त थोड्या वेळाने कामिनीने वर बघून वडिलांना विचारलं, "बाबा, तुम्ही विकली असती तर कोणीतरी सावकाश चालवली असती, नाही?"  योगराज बाहेर आला आणि बागेत शिरला, तो अंधार पडेपर्यंत परतला नाही. चारीच्या पलीकडे, आंब्याखाली, मजुरांनी खड्डा खणला.

त्यानंतर दहा वर्षं झाली.

योगराज पुन्हा कधी सारंगखेड्याला गेला नाही. गोठा त्याने पाडला आणि तिथे केळीचे खोके भरायची शेड उभी केली. त्याचं काम वाढलं, माणसं वाढली. जत्रेतून मिळालेलं चांदीचं कडं कुठे गेलं ते त्याने कोणाला सांगितलं नाही, आणि कोणी विचारलं नाही.

कौतिक आबा दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यात गेले. शेवटच्या आजारात ते सगळ्यांची थट्टा करत राहिले. फक्त घोडीचा विषय निघाला की तोंड भिंतीकडे वळवायचे.

डॉक्टर तेजस यांची बदली शिरपूरकडे झाली. दोनदा ते रावेरला आले तेव्हा घरी येऊन चहा घेऊन गेले. पहिल्या खेपेला त्यांनी झुंबरबाईला सांगितलं, की त्या पायाचं काय ते आपल्यालाही नुसतं बघून कळलं नसतं. त्यांचा स्वभावच तसा, मऊ. झुंबरबाईला ते खरं वाटलं नाही.

कामिनीने राहिलेली परीक्षा एक वर्ष उशिरा दिली. पुढे लग्न करून तिला धुळ्याला दिली. नवरा शाळेत शिकवतो, माणूस चांगला आहे. तिला एक मुलगी आहे, पाच वर्षांची. लग्नात वरात घोड्यावरून नको असं तिने बोलणीच्या वेळीच कळवलं होतं. सासरच्यांना वाटलं पोरगी नव्या विचारांची आहे.

आणि झुंबरबाई आहे अजून. अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाली. दर रविवारी दुपारी कामिनीचा फोन येतो. पोरीची शाळा, भाजी, गुडघे, पाऊस, सगळं बोलणं होतं. आजीनं औषध घेतलं का, हे ती नेमाने विचारते. मागच्या वैशाखात ती आठ दिवस राहायला आली होती. एका संध्याकाळी दोघी ओट्यावर बसल्या होत्या आणि समोरून कामिनीची मुलगी चालत येत होती, एका हातात पाण्याची कळशी, एका बाजूला झुकून. झुंबरबाईला ते दिसलं. तोंडाशी आलेला 'डावा' तिने गिळला. कामिनीने आजीकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मग उठून मुलीच्या हातातली कळशी घेतली.